प्रश्न कोणी निवडायचे?

उत्तर चुकले तर ते कधी ना कधी उघडकीस येते. प्रश्नच चुकीचा निवडला गेला, तर मात्र त्याचा कोणाला पत्ता लागत नाही. जे विचारलेच गेले नाही, त्याचे न मिळालेले उत्तर दिसणार तरी कोणाला? संशोधनाच्या क्षेत्रात हा धोका नेहमीचाच आहे. पैसा मोजका, माणसे मोजकी आणि रोग मात्र अगणित. कोठले प्रश्न आधी हाती घ्यायचे, हे कोणीतरी ठरवावेच लागते. तो कोणीतरी कोण असावा, हा प्रश्न वैद्यकाचा कमी आणि नीतीचा अधिक आहे.

मुलांच्या मूत्रविकारांचे उदाहरण घेऊ. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय जरा अवघड वाटेल. पण ज्या घरात लहान मूल आहे, त्या घराला तो परका नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांतली साधारण १५ रात्री अंथरूण ओले करतात. काही मुलांत लघवी मूत्राशयातून उलटी मूत्रपिंडाकडे चढते. काही मुलग्यांचे मूत्रद्वार जन्मतःच जागेवर नसते. आणि फारच थोड्या मुलग्यांत मूत्रमार्गातल्या पडद्यांमुळे वाट गर्भातच अडते व जन्मापूर्वीच मूत्रपिंडे खराब होऊ लागतात. एक त्रास पुष्कळांना, पण बहुधा वयाबरोबर जाणारा. दुसरा थोड्यांना, पण आयुष्य पुरणारा. आधी कोणाकडे पाहायचे? नुसत्या डोकी मोजण्याने हे गणित सुटत नाही.

अशा वेळी तज्ज्ञांचे एकमत घेण्याची एक पद्धत आता रूढ झाली आहे. ग्रीसमधल्या डेल्फी या देवस्थानी कौल मिळत असे. त्यावरून तिला डेल्फी पद्धत म्हणतात. अमेरिकेतल्या रँड या संस्थेत १९५० नंतरच्या दशकात ओलाफ हेल्मर, नॉर्मन डाल्की आदींनी ती घडवली. तज्ज्ञांना एकत्र बसवायचे नाही. प्रत्येकाला प्रश्नावली पाठवायची, उत्तरे गोळा करायची, कोणाचे मत कोणते हे न सांगता सर्वांचा गोषवारा सर्वांना कळवायचा आणि पुन्हा विचारायचे. दोनतीन फेऱ्यांत मते जवळ येतात. यात मोठे शहाणपण आहे. सभेत ज्याचे वय अधिक किंवा आवाज चढा त्याचे मत ठरते, हे आपल्याकडच्या सभा पाहिलेल्यांना वेगळे सांगायला नको. गमतीची गोष्ट अशी, की या पद्धतीचा पहिला प्रयोग अणुबाँबच्या संख्येचा अंदाज करण्यासाठी झाला. आज तीच पद्धत मुलांच्या आजारांसाठी वापरली जाते.

पण एकमत म्हणजे सत्य नव्हे. उलट्या चढणाऱ्या लघवीचेच पाहा. अशा मुलांना रोज थोडे प्रतिजैविक औषध दिले की मूत्रपिंडावर व्रण पडत नाहीत, असे वर्षानुवर्षे धरून चालले होते. अमेरिकेत ६०७ मुलांवर दोन वर्षे केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. औषधाने पुन्हा होणारा जंतुसंसर्ग जवळजवळ निम्म्याने घटला. नव्या व्रणांत मात्र फरक दिसला नाही, आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढले. जिथे सर्वांचे एकमत होते, तिथे ही परीक्षा व्हायला इतकी वर्षे लागली.

दुसरी गोष्ट मुतखड्याची. एके काळी युरोपात आणि हिंदुस्थानात गरिबांच्या मुलांना मूत्राशयात खडे होत. शल्यवैद्यांनी खडा काढण्याचे कौशल्य पराकोटीला नेले. त्यांना महत्त्वाचे प्रश्न विचारले असते, तर खडा अधिक सुरक्षितपणे कसा काढावा, हाच पहिला आला असता. पण निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांना नुसत्या धान्यावर ठेवून पाहिले. त्यांना खडे झाले. अन्नात दूध घातल्यावर ते टळले. युरोपात मुलांचे अन्न सुधारले तसा हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. ज्याच्या हाती सुरी आहे त्याला कापण्याचे प्रश्न सुचतात. हा त्याचा दोष नव्हे, ती त्याची जागा आहे. त्या जागेवरून मुलाची वाटी दिसत नाही.

मग आईबापांना विचारावे काय? अवश्य. ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स ही संस्था रुग्ण, त्यांचे आप्त व डॉक्टर यांना एकत्र बसवून संशोधनाचे पहिले दहा प्रश्न निवडून घेते. पण आईबापांनाही आपलेच मूल दिसते, आणि दुर्मिळ रोगाच्या घरांची संख्या कोणत्याही यादीत तोकडीच पडणार. शिवाय ज्याचे शरीर, तो तर बोलतच नाही. मूत्रद्वाराची शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या दीड वर्षात होते. वर्षभराने टाके पाहून शल्यवैद्य समाधानी होईल, आईबापही होतील. खरा निकाल देणारा पंचवीस वर्षांचा तरुण त्या वेळी पाळण्यात असतो.

यावरून तज्ज्ञांना दूर सारावे असा अर्थ कोणी काढू नये. काय ठाऊक आहे आणि काय नाही, याची सीमा त्यांच्याइतकी कोणालाच माहीत नसते. म्हणून त्यांचे एकमत उत्तरांपेक्षा अज्ञानाबद्दल घ्यावे: आम्हाला हे खरोखर ठाऊक नाही, असे त्यांनी मिळून म्हणावे. त्यांतले कोठले अज्ञान आधी दूर व्हावे, हे ठरवताना मात्र ज्यांना ते सोसावे लागते त्यांना पंक्तीत घ्यावे. रोग होऊन मोठे झालेल्यांना तर आधी. आणि यादीतून जे प्रश्न वगळले, तेही कारणांसह लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या पिढीला ते शोधत बसावे लागणार नाही.

हे काही नवे मागणे नाही. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी राजाची अनुज्ञा घ्यावी, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे; न केली तर मृत्यू निश्चित, केली तर यशाची शंका, हे त्याचे कारण. राजाला शस्त्रक्रिया कळत होती म्हणून त्याला विचारायचे नव्हते. जाणत्याने आपल्या ज्ञानाची मर्यादा दुसऱ्यासमोर बोलून दाखवावी, हा त्यातला धर्म. आता राजे राहिले नाहीत. पण ज्याच्या देहावर आपल्या निर्णयाची खूण आयुष्यभर राहणार, त्याची अनुज्ञा मागण्याचे कर्तव्य राहिले आहे. तो अजून बोलायला शिकला नसला, तरीही.