वर्दी नसलेला पहारा

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातलं टूमस्टोन हे गाव पर्यटकांना ठाऊक असतं ते 1881 साली ओ. के. कोरालजवळ झालेल्या गोळीबारामुळे. मेक्सिकोची हद्द तिथून मोटारीने तासाभरातच येते. 2002 साली या गावातल्या ‘टूमस्टोन टम्बलवीड’ या छोट्याशा वर्तमानपत्राचा मालक ख्रिस सिमकॉक्स याने आपल्याच पानांतून एक आवाहन छापलं. सरकार सीमा राखत नाही, तर नागरिकांनी शस्त्रं घेऊन ती राखावी, असा त्याचा आशय होता. पुढे कॅलिफोर्नियातले निवृत्त हिशेबनीस जिम गिलख्रिस्ट त्याच्या जोडीला आले आणि एप्रिल 2005 मध्ये ‘मिनिटमन प्रोजेक्ट’ची मोहीम सुरू झाली. सॅन पेद्रो खोऱ्यात सुमारे 23 मैलांच्या पट्ट्यावर घडीच्या खुर्च्या, दुर्बिणी, वॉकीटॉकी आणि कमरेला पिस्तुलं घेऊन शेकडो माणसं महिनाभर बसली. त्यांत निवृत्त सैनिक, आजी-आजोबा, ट्रकचालक असे नाना तऱ्हेचे लोक होते.

त्यांनी घेतलेलं नाव साधं नव्हतं. 1775 साली ब्रिटिश फौजेविरुद्ध मिनिटभराच्या सूचनेवर बंदूक उचलणारे शेतकरी, ते मिनिटमन. अमेरिकी मुलं शाळेत ज्यांची गोष्ट शिकतात त्यांचं नाव लावलं की निम्मं समर्थन आपोआप मिळतं. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी मात्र ही मोहीम सुरू होण्याआधीच, मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत, कायदा हातात घेणाऱ्यांना आपला विरोध असल्याचं जाहीर केलं होतं. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी महिनाअखेरीस त्याच माणसांचं कौतुक केलं. दोघेही एकाच पक्षाचे. हे नागरिक कायदा पाळत होते की मोडत होते, यावर त्यांच्यातच एकमत नव्हतं.

खरं तर प्रश्नाचा पहिला भाग अवघड नाही. सार्वजनिक जमिनीवर किंवा मालकाच्या परवानगीने खासगी जमिनीवर उभं राहायला कोणाची हरकत नाही. दुर्बिणीतून पाहणं, चित्रीकरण करणं, कोणी कुंपण ओलांडताना दिसलं तर बॉर्डर पेट्रोल या सरकारी सीमारक्षक दलाला फोन करणं, हे कोणीही करू शकतो. अ‍ॅरिझोनात पिस्तूल उघडपणे कमरेला लावायला परवाना लागत नाही. म्हणून मिनिटमनांच्या नियमावलीतच लिहिलेलं होतं की पाहा, कळवा, पण कोणाला हात लावू नका, कोणाशी बोलू नका. हा नियम ज्याने लिहिला त्याला कायदा नीट कळत होता.

पण हद्दीवर बसलेल्या माणसाच्या हातात बंदूक असते, समोर रात्रीच्या अंधारात थकलेली, घाबरलेली माणसं असतात आणि बॉर्डर पेट्रोलची गाडी यायला तास लागतो. त्या तासाभरात काय करायचं? ‘बसा खाली’ असा शब्द बंदूकधाऱ्याच्या तोंडून आला आणि समोरचा बसला, तर त्याला पकडलं की नाही? त्याच एप्रिलमध्ये एका स्वयंसेवकाने एका स्थलांतरिताच्या हातात खिल्ली उडवणारा मजकूर छापलेला टी-शर्ट देऊन त्याच्यासोबत छायाचित्र काढून घेतलं. शेरीफच्या कार्यालयाने चौकशी केली, पण जबरदस्ती सिद्ध होत नसल्याने आरोप ठेवला गेला नाही. तो माणूस आपल्या मर्जीने तिथे उभा होता, असं म्हणायला मन धजत नाही. पण भीतीचा पंचनामा करता येत नाही.

अशा वेळी ‘नागरिकाने केलेली अटक’ ही जुनी तरतूद पुढे केली जाते. ती अ‍ॅरिझोनाच्या कायद्यात आहे. मात्र तिच्या अटी वाचल्या की तिचा आधार किती तोकडा आहे ते कळतं. गंभीर गुन्हा घडला असेल, किंवा डोळ्यांदेखत शांतताभंग करणारा किरकोळ गुन्हा झाला असेल, तरच खासगी माणूस दुसऱ्याला अटक करू शकतो. परवानगीवाचून पहिल्यांदा हद्द ओलांडणं हा अमेरिकेच्या संघीय कायद्यात किरकोळ गुन्हा आहे, कमाल शिक्षा सहा महिने. वाळवंटातून मुकाट्याने चालत जाणारा कोणाची शांतता भंग करतो? एकदा हद्दपार झालेला माणूस पुन्हा आला तर तो गंभीर गुन्हा ठरतो, हे खरं. पण कोण पहिल्यांदा आलाय आणि कोण दुसऱ्यांदा, हे दुर्बिणीतून दिसत नाही. कोणी आश्रय मागायला आला असेल तर त्याची गोष्टच निराळी. ती पारखायला वेगळे अधिकारी आणि वेगळी न्यायालयं आहेत.

आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 मध्येही हाच सावधपणा आहे. गुन्हा आपल्यासमक्ष घडलेला हवा, तो अजामीनपात्र आणि दखलपात्रही हवा, आणि पकडलेल्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायला हवं. नुसत्या संशयाला तिथे जागा नाही. संशयालाच पुरावा मानलं की काय होतं, ते महाराष्ट्राने 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिलं. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारलं.

जमीन कोणाची, हाही प्रश्न अमेरिकेच्या हद्दीवर मोठा आहे. 1907 साली थिओडोर रुझवेल्ट यांनी कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिको इथल्या हद्दीलगतचा 60 फुटांचा पट्टा सरकारसाठी राखून ठेवला. टेक्ससमध्ये असा पट्टा नाही, तिथली बहुतेक जमीन खासगी मालकीची. बॉर्डर पेट्रोलच्या जवानांना हद्दीपासून 25 मैलांपर्यंतच्या खासगी शेतांत वॉरंटशिवाय जाता येतं, घरांत मात्र नाही. शेतमालकांच्या तक्रारी खोट्या नाहीत. कुंपणं कापली जातात, गुरांच्या पाण्याचे नळ फोडले जातात, शेतात प्लॅस्टिकचे ढीग साचतात. तस्करांच्या वाटेवर घर असलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला रात्री झोप लागत नसेल, तर त्याला कोणी भित्रं म्हणू नये.

डग्लस गावाजवळ 22 हजार एकरांचं कुरण सांभाळणाऱ्या रॉजर बार्नेट यांनी आपण हजारो माणसं पकडून बॉर्डर पेट्रोलकडे दिल्याचं अभिमानाने सांगितलं होतं. त्या कुरणातला मोठा भाग सरकारकडून भाड्याने घेतलेला होता. 7 मार्च 2004 रोजी त्यांनी बंदूक आणि कुत्रा घेऊन स्थलांतरितांच्या एका गटाला अडवलं. त्यांपैकी सोळा जणांनी संघीय न्यायालयात दावा लावला. 2009 मध्ये ज्युरीने कटाचे आणि नागरी हक्कभंगाचे आरोप फेटाळले, पण हल्ला आणि मानसिक छळ यांसाठी चार महिलांना सुमारे 78 हजार डॉलर देण्याचा आदेश दिला, आणि 2011 मध्ये अपिलातही तो टिकला. हा दावा पुढे चालू देणारे न्यायाधीश जॉन रोल यांना त्यापायी जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि काही काळ पोलीस संरक्षणात राहावं लागलं. तुमची जमीन म्हणून तिच्यावर पाऊल टाकणाऱ्याच्या देहावर तुमची सत्ता चालत नाही, हे ज्युरीने भरपाईच्या आकड्यातून सांगितलं.

यापुढचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि या सगळ्या प्रकरणाचं मूळही तिथेच आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती लोकांना अवाजवी झडती आणि अटकेपासून संरक्षण देते, पण ते सरकारच्या विरुद्ध. खासगी माणसाने झडती घेतली तर ती दुरुस्ती लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1921 सालीच म्हटलं आहे. म्हणजे वर्दीतल्या माणसाला जी बंधनं आहेत, ती बिनवर्दीच्या माणसाला नाहीत. त्याला प्रशिक्षण नाही, नोंदवही नाही, वरिष्ठ अधिकारी नाही, चौकशीची भीती नाही. सरकारने त्याला उत्तेजन दिलं किंवा त्याच्याकडून आपलं काम करून घेतलं, तर मात्र तो सरकारचा हस्तक मानला जातो आणि घटनेची बंधनं त्यालाही लागू होतात.

मग पकडलेली माणसं निमूट ताब्यात घेणारा हिरव्या वर्दीतला जवान काय करत असतो? एप्रिल 2019 मध्ये न्यू मेक्सिकोच्या सनलँड पार्कजवळ ‘युनायटेड कॉन्स्टिट्यूशनल पेट्रियट्स’ नावाच्या टोळीने लष्करी पोशाखात, हातात रायफली घेऊन दोनशेहून अधिक माणसांना रात्री जमिनीवर बसवून ठेवलं आणि त्याचं चित्रीकरण लोकांना दाखवलं. त्यांत लहान मुलंही होती. बॉर्डर पेट्रोलने आपण खासगी गटांना पाठिंबा देत नाही असं सांगितलं, पण बसवून ठेवलेली माणसं त्यांच्याच गाड्यांतून नेली गेली. राज्याच्या गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम यांनी, नागरिकांना असं कोणालाही धरून ठेवण्याचा अधिकार नाही, असं स्पष्ट सांगितलं. काही दिवसांत टोळीच्या म्होरक्याला एफबीआयने पकडलं. आरोप काय होता? पूर्वी शिक्षा झालेली असताना बंदूक बाळगली, हा. दुसऱ्या एका म्होरक्यावर बॉर्डर पेट्रोलचा अधिकारी असल्याची तोतयेगिरी केल्याचा आरोप सिद्ध झाला. दोनशे माणसांना डांबून ठेवण्याचा मूळ प्रकार मात्र खटल्याच्या चौकटीबाहेरच राहिला.

तोतयेगिरी हा तांत्रिक गुन्हा वाटत असेल तर हद्दीपासून जवळ असलेल्या अरिवाका या वस्तीकडे पाहावं. 30 मे 2009 च्या रात्री, ‘मिनिटमन अमेरिकन डिफेन्स’ नावाची फुटीर टोळी चालवणारी शॉना फोर्ड आणि तिचे साथीदार एका घरात शिरले. आपण पोलीस आहोत, फरारी आरोपीला शोधतोय, असं त्यांनी सांगितलं. त्यांना आपल्या टोळीच्या खर्चासाठी लूट हवी होती. त्यांनी घरातल्या बापाला आणि त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला गोळ्या घातल्या. दोघंही अमेरिकी नागरिक. 2011 साली फोर्डला मृत्युदंड सुनावला गेला. मोठ्या मिनिटमन संघटनांनी तिच्याशी संबंध नाकारला, आणि बऱ्याच जणांचा तो नव्हताही. पण दारात उभा असलेला सशस्त्र माणूस खरा शिपाई की स्वयंघोषित, हे आतल्या माणसाला ओळखता येऊ नये, अशी स्थिती ज्यांनी वर्षानुवर्षं रुळू दिली त्यांची जबाबदारी उरतेच.

दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आहे, म्हणून ही पथकं वैध आहेत, असा युक्तिवाद नेहमी होतो. तो अर्धाच खरा आहे. 2008 च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तीचा शस्त्राचा हक्क मान्य केला, पण 1886 च्या प्रेसर खटल्यातला निकाल अजून उभा आहे. सरकारच्या परवानगीवाचून सशस्त्र टोळ्या उभारून कवायत करण्यावर राज्यं बंदी घालू शकतात, असं तो म्हणतो. अ‍ॅरिझोना आणि टेक्सस दोन्ही राज्यांत खासगी फौजांविरुद्ध कायदे आहेत. ते क्वचितच वापरले जातात. आणखी एक विसंगती लक्षात घ्यावी. 1878 च्या पॉसी कोमिटाटस कायद्याने अमेरिकेने आपल्या लष्करालाच देशांतर्गत पोलिसी काम करायला मज्जाव केला आहे. शिस्तीत वाढलेल्या सैनिकालाही जे काम सहजी करू द्यायचं नाही, ते कोणीही नेमलेलं नसलेल्या माणसाला करू द्यायचं, याला कायद्यात आधार सापडत नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा 5 जुलै 2011 रोजी नंदिनी सुंदर खटल्यात फार परखडपणे मांडला. छत्तीसगडमध्ये सलवा जुडूम या नक्षलविरोधी मोहिमेच्या नावाखाली अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना तुटपुंज्या मानधनावर विशेष पोलीस अधिकारी नेमून हातात बंदुका दिल्या जात होत्या. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. तिथे सरकारने हात पुढे करून सत्ता वाटली. अ‍ॅरिझोनात सरकारने हात मागे घेऊन ती वाटू दिली. बंदुकीसमोर बसवलेल्या माणसाला या दोहोंत काही फरक जाणवत नाही.

कायदा पोहोचायला किती उशीर लागतो, याचा दाखला 1976 सालचा आहे. डग्लसजवळ कामाच्या शोधात निघालेल्या तीन मेक्सिकन मजुरांना एका रँचमालकाने आणि त्याच्या दोन मुलांनी पकडून नागवं केलं, लुटलं, भाजलं आणि पळताना त्यांच्यावर छऱ्यांच्या बंदुका झाडल्या. बाप खटल्याआधीच वारला. राज्याच्या न्यायालयातल्या ज्युरीने 1977 साली मुलांना निर्दोष सोडलं. संघीय सरकारला खटला भरायचा होता, पण तेव्हाच्या नागरी हक्क कायद्यातल्या कटाच्या कलमात संरक्षण होतं ते ‘नागरिकाला’. शेवटी हॉब्ज कायदा शोधून काढला गेला. तो आंतरराज्य व्यापारात लुटीने अडथळा आणण्याविषयीचा. माणसाच्या छळाला न्याय मिळवण्यासाठी त्याला व्यापारातला मजूर म्हणून उभं करावं लागलं. 1981 साली दोघांपैकी एक भाऊ दोषी ठरला.

त्या मानाने टेक्ससमधल्या हेब्रनविलचं प्रकरण समाधान देणारं. 2003 मध्ये ‘रँच रेस्क्यू’ या टोळीने एल साल्वादोरच्या एका जोडप्याला पकडलं, मारहाण केली. फौजदारी खटल्यात ज्युरीचं मारहाणीवर एकमत होईना. म्होरक्याला शिक्षा झाली ती इथेही बंदूक बाळगल्याबद्दलच. पण दिवाणी दाव्यात भरपाईचा हुकूम निघाला, आणि 2005 साली डग्लसजवळची त्याची 70 एकर जमीन, जिथे टोळीचा तळ व्हायचा होता, ती पकडल्या गेलेल्या त्या दोघांच्या नावावर झाली.

याच वाळवंटात आणखी एक बिनवर्दीची गस्त चालते. तिच्या पाठीवर पाण्याचे कॅन असतात. ‘नो मोअर डेथ्स’ या संघटनेचे स्वयंसेवक पायवाटांवर पाणी ठेवत जातात. त्यासाठी कोणालाही थांबवावं लागत नाही, कोणावर हुकूम चालवावा लागत नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये त्यांच्यातल्या डॅनियल मिलिस यांना एका चौदा वर्षांच्या मुलीचं प्रेत सापडलं. दोनच दिवसांनी ब्वेनोस आयरेस अभयारण्यात पाण्याच्या बाटल्या ठेवल्याबद्दल त्यांच्यावर कचरा टाकल्याचा गुन्हा दाखल झाला. सीलबंद पिण्याचं पाणी म्हणजे ‘कचरा’ का, यावर प्रकरण अपील न्यायालयापर्यंत गेलं आणि 2010 साली शिक्षा रद्द झाली. 2018 मध्ये अजो गावात दोन स्थलांतरितांना अन्न, पाणी, निवारा दिल्याबद्दल स्कॉट वॉरन यांना अटक झाली. त्यांच्यावरचे आरोप गंभीर गुन्ह्यांचे होते. सनलँड पार्कच्या टोळीवर न लावलेली कठोरता इथे लावली गेली. जून 2019 मध्ये ज्युरीचं एकमत न झाल्याने खटला अडला आणि नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं.

तो पहिला खटला अडला, त्याच आठवड्यात अजोच्या दक्षिणेला, ल्यूकव्हिलजवळच्या रणात बॉर्डर पेट्रोलला एका मुलीचा मृतदेह मिळाला. ती भारतातून आलेली होती, सहा वर्षांची. तापमान चाळिसाच्या वर होतं. आई तिला सोबतच्या बाईजवळ ठेवून पाणी शोधायला गेली होती.