पहिला वाटा आणि सगळे जीवन

ख्रिस्ती माणसाने रोजच्या जीवनात देवाला प्रथम स्थान द्यावे, ही शिकवण चर्चमधील प्रवचनांतून आणि घरच्या कौटुंबिक प्रार्थनेतून इतक्या वेळा कानी पडते की तिचा अर्थ सांगण्याची गरजच उरलेली नाही असे वाटावे. प्रत्यक्षात प्रथम स्थान म्हणजे काय, या प्रश्नाची दोन उत्तरे या परंपरेत आरंभापासून शेजारी शेजारी नांदत आली आहेत. पहिल्या उत्तराप्रमाणे दिवसाचा, आठवड्याचा आणि मिळकतीचा पहिला वाटा देवासाठी वेगळा काढणे म्हणजे त्याला प्रथम स्थान देणे. दुसऱ्या उत्तराप्रमाणे घर, काम, पैसा, नाती अशा सर्वच गोष्टींचे मोल देवाच्या इच्छेवरून ठरवणे म्हणजे प्रथम स्थान देणे. यांपैकी एकाच उत्तरावर समाज विसंबू लागला की धर्मजीवनात काहीतरी बिघडले आणि कोणीतरी दुसऱ्या उत्तराची आठवण करून दिली. या कल्पनेची वाढ मुख्यतः अशा परस्परदुरुस्तीतून झाली आहे.

जुन्या करारात दोन्ही उत्तरांची मुळे सापडतात. दहा आज्ञांपैकी पहिली आज्ञा परमेश्वराखेरीज अन्य देव मानण्यास मनाई करते, आणि अनुवाद या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात त्याच्यावर संपूर्ण अंतःकरणाने प्रीती करण्याची आज्ञा देताना ती घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलाबाळांना सांगत राहावी, असे बजावले आहे. त्याच ग्रंथांत शेताचे प्रथमफळ, म्हणजे हंगामातील पहिले उत्पन्न, परमेश्वरापुढे आणण्याचा आणि आठवड्याचा सातवा दिवस, म्हणजे शब्बाथ, विश्रांतीसाठी राखण्याचा नियम आहे. प्रथमफळ देण्यामागची समजूत अशी की उरलेले पीकही देवाचेच दान आहे, म्हणून त्या आनंदात परक्यालाही सहभागी करून घ्यावे. शब्बाथाच्या विश्रांतीवर तर दासदासींचा आणि जनावरांचाही हक्क होता. परंतु इ.स.पूर्व आठव्या शतकात संदेष्टा आमोस ज्या व्यापाऱ्यांवर कोरडे ओढतो, ते शब्बाथ पाळत होते आणि तो कधी संपतो व खोट्या मापांनी धान्य विकायला कधी मिळते याची वाट पाहत होते. देवाचा दिवस त्यांनी बाजूला काढला होता, पण तराजू मात्र देवाच्या हाती दिला नव्हता.

येशूच्या शिकवणीत ही दुरुस्ती अधिक खोल जाते. सर्वात मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने विचारले असता त्याने अनुवादातील देवप्रीतीच्या आज्ञेला लेवीय ग्रंथातील शेजारप्रीतीची आज्ञा जोडून उत्तर दिले. डोंगरावरील प्रवचनात अन्नवस्त्राच्या चिंतेऐवजी प्रथम देवाचे राज्य शोधावे असा उपदेश आहे. परंतु त्याच प्रवचनात वेदीपाशी दान घेऊन आलेल्या माणसाला, भावाचे मन आपल्याविषयी कलुषित आहे असे आठवले तर दान तेथेच ठेवून प्रथम समेट करायला पाठवले आहे. मार्काच्या शुभवर्तमानात ‘कुर्बान’ या रूढीची चर्चा येते. आपली मालमत्ता देवाला अर्पण झाली आहे असे जाहीर करून आईवडिलांच्या पोषणातून अंग काढून घेण्याची ती पळवाट होती, आणि देवाच्या नावाने चाललेला हा देवाच्या आज्ञेचा भंग येशूने स्पष्ट शब्दांत दोषी ठरवला. देव आणि माणसे एकाच स्पर्धेतील प्रतिस्पर्धी आहेत, ही कल्पना येथे मोडीत निघते. देवाला जे दिले ते माणसांच्या हक्कातून कापून दिलेले असेल, तर ते देवाला पोहोचलेलेच नसते.

पहिल्या शतकांत या निष्ठेची परीक्षा राज्यसत्तेने घेतली. बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने इ.स. ११२च्या सुमारास सम्राट ट्राजानला पाठवलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे एकत्र जमतात आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात न करण्याची शपथ घेतात, असे कळवले आहे. पहाटेची उपासना आणि दिवसभराचा प्रामाणिक व्यवहार यांची सांगड एका परक्या अधिकाऱ्याच्याही नजरेस आली होती. सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप जाळण्यास नकार देणे हा त्याच निष्ठेचा सार्वजनिक भाग होता. चौथ्या शतकात राजाश्रय मिळाल्यावर ख्रिस्ती असणे सोपे झाले, तेव्हा अंतोनी या साधकाने त्याआधीच धरलेल्या वाटेने अनेक जण इजिप्तच्या वाळवंटातील एकांतात संपूर्ण जीवन देवाला देण्याचा मार्ग शोधू लागले. याच सुमारास ऑगस्टीनने (३५४–४३०) या विचाराला तात्त्विक रूप दिले. त्याच्या मते सद्गुण म्हणजे प्रीतीची योग्य व्यवस्था. सृष्ट वस्तूंवर प्रेम करण्यात पाप नाही, त्यांना देवाच्या जागी बसवण्यात आहे.

ही व्यवस्था दिनक्रमात उतरवण्याचे श्रेय सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या मठनियमांना जाते. त्यांत दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा सामुदायिक प्रार्थना ठरवून दिली आहे आणि घंटा वाजताच हातातील काम सोडून प्रार्थनेला जावे, कारण तिच्यापेक्षा काहीही श्रेष्ठ मानू नये, असे सांगितले आहे. तेच नियम मठाच्या कोठाराची जबाबदारी असलेल्या भिक्षूला तेथील भांडी आणि अवजारे वेदीवरील पात्रांइतक्या आदराने वापरण्यास बजावतात. प्रार्थनेसाठी काम थांबते, पण काम अपवित्र ठरत नाही, असा हा तोल होता. मात्र पुढील शतकांत मठवासी हेच खरे देवाचे लोक आणि शेतकरी, कारागीर, गृहिणी हे दुय्यम, अशी पायरी समाजमनात पक्की झाली.

मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात या पायरीवरच घाव घातला. पाचारण, म्हणजे देवाची हाक, केवळ मठातील माणसाला येते हे त्याने नाकारले आणि बाळाची काळजी घेणारी आई किंवा जोडे शिवणारा चांभार आपल्या कामातून देवाचीच सेवा करतो असे प्रतिपादन केले. १५२९ मधील ‘मोठी प्रश्नोत्तरी’ या ग्रंथात तो पहिल्या आज्ञेचा अर्थ असा लावतो की माणसाचे हृदय ज्यावर विसंबते तेच त्याचे दैवत असते, मग ते धन असो, विद्या असो वा प्रतिष्ठा. कॅथलिक परंपरेतही इग्नेशियस लोयोला याने दिवसभराच्या वर्तनाची प्रार्थनापूर्वक तपासणी शिकवली, आणि सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाक करणारा ब्रदर लॉरेन्स भांड्यांच्या गडबडीतही देवाच्या सान्निध्याचे भान कसे ठेवावे याचा आदर्श ठरला. आता धोका दुसऱ्या बाजूने आला. सगळेच काम देवाचे आहे असे म्हणता म्हणता काम हेच सगळे होऊन बसू शकते. पाचारणाच्या कल्पनेतून उरलेली श्रमनिष्ठा धर्मापासून सुटून आधुनिक भांडवलशाहीला कशी जुंपली गेली, याचे विवेचन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९०४–०५ मध्ये केले. ल्यूथरने ‘लहान प्रश्नोत्तरी’त सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना आवर्जून का दिल्या, हे त्यावरून उमगते.

महाराष्ट्रात या दोन उत्तरांचा संयोग पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) जीवनात घडलेला दिसतो. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर धर्मगुरूंच्या अधिकारापुढे स्वतःचा विवेक गहाण ठेवण्यास त्यांनी नकार दिला, कारण देवाला पहिले मानायचे तर चर्चच्या अधिकाऱ्यांनाही दुसरे स्थानच मिळू शकते. १८९६–९७च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना त्यांनी केडगावला आसरा दिला आणि तेथील मुक्ती सदनात प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकवली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत चालवले. समाजाने टाकलेल्या विधवेला हाताला काम आणि वाचायला ग्रंथ मिळावा, ही त्यांच्यासाठी उपासनेहून वेगळी गोष्ट नव्हती.

विसाव्या शतकात जर्मनीत हिटलरच्या राजवटीने चर्चकडूनही निष्ठा मागितली, तेव्हा या मागणीला विरोध करणाऱ्या प्रॉटेस्टंट गटाच्या मे १९३४च्या बार्मेन घोषणापत्राने येशू ख्रिस्ताखेरीज जीवनाचे कोणतेही क्षेत्र दुसऱ्या प्रभूच्या स्वाधीन असू शकत नाही असे ठामपणे मांडले. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफरने १९३७ मधील शिष्यत्वावरील ग्रंथात आज्ञापालनावाचून मिळणारी स्वस्त कृपा नाकारली, आणि दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या सहजीवनावरील छोट्या पुस्तकात सकाळचा पहिला विचार आणि पहिला शब्द देवाचा असावा असा आग्रह धरला. सत्तेला नकार देण्याचे बळ आणि पहाटेची शिस्त ही त्याच्या दृष्टीने एकाच शिष्यत्वाची अंगे होती. ९ एप्रिल १९४५ रोजी हिटलरच्या राजवटीने त्याला फाशी दिली. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्रतेची हाक सर्वच ख्रिस्ती लोकांसाठी आहे असे घोषित केले, तेव्हा चार शतके वेगळ्या वाटांनी चाललेल्या कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट विचारांत या मुद्द्यापुरते मोठे साम्य आले.

या सर्व वाटचालीतून निघणारा निष्कर्ष आजच्या गृहस्थाला आणि गृहिणीला थेट लागू पडतो. उठताच पहिला वेळ कामाच्या निरोपांना आणि पडद्यावरच्या बातम्यांना जात असेल, तर उरलेला दिवस देवाचा आहे हे म्हणणे हळूहळू पोकळ होते, कारण वेगळा वेळ न राखता सतत भान ठेवणे फार थोड्यांना साधते. उलट पहाटेची प्रार्थना नेमाने होत असूनही मोलकरणीचा पगार रखडत असेल, दुकानाच्या हिशेबात लबाडी असेल किंवा म्हातारे आईवडील दुर्लक्षित असतील, तर आमोसाचा आरोप आजही तसाच उभा राहतो. पहिला वाटा हा सगळे जीवन देवाचे आहे हे शिकण्याचा मार्ग आहे, आणि तो धडा कितपत पक्का झाला याचा निवाडा प्रार्थनेच्या खोलीबाहेर, आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसांना मिळणाऱ्या न्यायावरून आणि मायेवरून होतो.