९० दिवसांची सही

२०२४च्या उन्हाळ्यात लोणी काळभोरच्या आमच्या घराला कंपाउंडची भिंत घातली. एक गवंडी आणि हाताखाली एक मावशी, तीन दिवसांचं काम. शेवटच्या संध्याकाळी मावशींनी पिशवीतून फॉर्म काढला. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करायची होती आणि त्यासाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा होता.

“दादा, तेवढी सही करा.”

“मावशी, माझ्याकडे तीनच दिवस होता तुम्ही.”

“तुमच्याकडं तीन, उरुळीला चार, हडपसरला दोन. वर्षभर तेच करते की!”

खरंच होतं ते. खोटं लिहायचं नाही, हे मला पटतं. पण इथे खोटं नेमकं काय? ‘९०’ हा आकडा खरा, ‘माझ्याकडे’ हा शब्द खोटा. मावशींचं खरं तीसेक मालकांत वाटलं गेलेलं आणि अख्खं कुणाकडेच नाही. ऑफिसात मी पन्नास सर्व्हरचे लॉग एका जागी आणतो, त्याचाच मला पगार मिळतो.

मी कंपनी बदलली तेव्हा अनुभवाचं पत्र एका मेलवर आलं. त्यात बेंचवरचे दोन महिनेही धरले होते, काम शून्य आणि पगार पूर्ण. मजूर अड्ड्यावर दहापर्यंत थांबून काम मिळालं नाही, तर मावशींचा खाडा पडतो.

बरं, मालक अनेक असले की नोंद ठेवता येत नाही, असंही नाही. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाने कुणाचंही पोतं उचललं, तरी मजुरी मंडळामार्फत द्यायची, वर लेव्ही भरायची; त्यातून भविष्य निर्वाह निधी. हिशेब मंडळ ठेवतं. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा आला, त्यात बांधकाम खर्चावर उपकर होता, पण दिवस सिद्ध करायचे मजुरानेच. शिवाय स्वतःच्या घराच्या १० लाखांपर्यंतच्या बांधकामाला सूट होती. म्हणजे माझ्या भिंतीपायी मी कुणाचंच काही लागत नव्हतो.

मी साध्या कागदावर तीन दिवसांच्या तारखा लिहून सही केली. मावशींनी तो नीट घडी घालून ठेवला.

पुढे गवंडी भेटला, म्हणाला, पैसे घेऊन सही देणारा एक माणूस सापडला. मावशींची एका दिवसाची हजेरी त्यात गेली.