डब्यातलं भजन

सकाळची कर्जत नाहीतर कसाऱ्याहून येणारी लोकल. पाय ठेवायला जागा नाही, तिकडे ऑफिसात मस्टर वाट बघतंय, आणि डब्याच्या एका कोपऱ्यात झांजा वाजायला लागतात. ढोलकी नसली तर डब्याचा पत्रा असतोच. एकानं ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. गळा गोडच हवा, अशी अट नाही. झोपमोड झाली म्हणून कुरकुरणारेही असतात. त्यांचंही खरंच आहे म्हणा!

पण गाणाऱ्याच्या अंगात काय घडतं ते पाहा. ओळ पुरी करायची तर श्वास पोटातून घ्यावा लागतो आणि सावकाश सोडावा लागतो. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात, आवळलेले खांदे सैल पडतात. त्यात चारचौघांचा सूर जुळला की कालची साहेबांची बोलणी मागे पडतात. हेडफोन लावून नुसतं ऐकलं तरी बरं वाटतंच. गाताना मात्र श्वासही कामाला लागतो, म्हणून मला गाणं उजवं वाटतं.

आज आंघोळीला जाताना एखादा अभंग मोकळ्या आवाजात म्हणून बघा. बेसूर झाला तर शेजारचे फार तर खिडकी लावून घेतील.