विचारले कोणाला?

बॉन शहराला समुद्र नाही. तेथे ऱ्हाईन नदी आहे, तिच्यातून माल वाहणारे लांबलचक पडाव जातात, आणि संध्याकाळी काठावर माणसे फिरतात. तरी जर्मनीच्या समुद्रातला कोणता पट्टा पवनचक्क्यांसाठी कोणत्या कंपनीला द्यायचा, याचे लिलाव होतात ते याच बॉनमध्ये. १९९९ साली संसद बर्लिनला गेली. पण वीज, टेलिफोन, टपाल आणि रेल्वे यांच्या जाळ्यांवर देखरेख करणारे सरकारी कार्यालय बॉनलाच आहे, आणि लिलाव तेच पुकारते.

आमची एक भाची बॉनला एम. ए. करते. समुद्रातील पवनचक्क्यांविषयी सामान्य लोकांना काय वाटते, हा तिच्या प्रबंधाचा विषय. मागल्या उन्हाळ्यात आम्ही चार दिवस तिच्याकडे उतरलो होतो. एके संध्याकाळी नदीकाठच्या बाकावर तिने प्रश्नावली काढली आणि म्हणाली, "मामा, जर्मनांचे फॉर्म पुष्कळ झाले. आज तुम्ही भरा."

पहिला प्रश्न सोपा होता. समुद्रात पवनचक्क्या उभारून वीज करावी का? "करावी," आम्ही लगेच सांगून टाकले. कोळसा जाळण्यापेक्षा वारा काय वाईट? दुसरा प्रश्न असा, की तुमच्या ओळखीच्या किनाऱ्यावरून त्या दिसणार असतील तर? आमच्या डोळ्यांपुढे एकदम नवगाव आले. अलिबागजवळचा तो किनारा, गलबत फुटून आपले पूर्वज जेथे लागले असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो तो. ते स्मारक आणि समोर मोकळा समुद्र. आमची जीभ अडखळली. भाची हसली. "बघा मामा, इथले लोकही असेच. पहिल्याला पटकन हो म्हणतात, दुसऱ्याला थांबतात."

ते हसणे आम्हाला लागले. आमचे पहिले उत्तर खरे की दुसरे? की आम्ही त्या बाकावर बसल्या बसल्या ढोंगी ठरलो?

"चांगले आहे, पण माझ्या परसात नको" असे म्हणणाऱ्याला स्वार्थी ठरविण्याची चाल जगभर आहे. ॲम्स्टरडॅमचे मार्टेन वोल्सिंक यांनी अनेक वर्षे पवनचक्क्यांना होणाऱ्या विरोधाचा अभ्यास केला आणि हे लेबल चुकीचे आहे असे मांडले. त्यांच्या मते लोक बिथरतात ते बहुधा स्वार्थाने नव्हे. निर्णय आधीच ठरवून मग आपल्याकडे आले, हे त्यांना जाणवते म्हणून. आपल्या मिश्नातही शेजाऱ्याची तक्रार हा स्वार्थ धरलेला नाही. बाबा बात्रामध्ये कायमचे खळे गावापासून पन्नास हात दूर हवे, कातडी कमावण्याचा कारखाना तितकाच दूर आणि तोही गावाच्या पूर्वेलाच हवा, असे सांगितले आहे. भूस आणि दुर्गंधी वारा कोठे नेतो, याचा तो विचार आहे. खळे नको, असे कोणी म्हटले नाही. अंतर किती, एवढाच वाद होता.

जर्मनीने अंतर फारच राखले. २०१० साली सुरू झालेला तेथील पहिला समुद्री वीजप्रकल्प, आल्फा व्हेंटुस, बोर्कुम बेटापासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. किनाऱ्याची उथळ भरती-ओहोटीची जमीन राखीव आहे, शिवाय बेटांवर येणाऱ्या पर्यटकांना मोकळे क्षितिज हवे असते. मग पाणी खोल, तारा लांब आणि खर्च जास्त. तो भरतात वीज वापरणारे सगळे. आणि दूर नेले म्हणून प्रश्न सुटला असेही नाही. ती वीज दक्षिणेला नेणाऱ्या मोठ्या वाहिनीच्या उंच मनोऱ्यांना वाटेतल्या गावांनी विरोध केला, तेव्हा २०१५ च्या कायद्याने अशा तारा शक्यतो जमिनीखालून नेण्याचे ठरले.

मच्छीमार मात्र पर्यटकाएवढा ऐकला जात नाही. चक्क्यांभोवतीच्या पाण्यात त्याला जाळे टाकता येत नाही. २०२३ च्या मोठ्या लिलावात १२.६ अब्ज युरोंच्या बोली लागल्या. त्यातले ५ टक्के मासेमारीसाठी ठेवावेत असे कायद्यात होते. त्याच वर्षअखेर सरकारला पैसा कमी पडला आणि हा वाटा बराच कापला गेला.

अभ्यासकांना आणखी एक गोष्ट आढळली आहे. प्रकल्प येण्याआधी पाठिंबा भरपूर असतो, आखणीच्या काळात घसरतो आणि चक्क्या फिरू लागल्यावर पुन्हा वाढतो. भाचीने वहीत ती रेघ काढून दाखविली. खाली गेलेली रेघ शेवटी वर येते, म्हणजे सरकारने तेवढा काळ दम धरावा, असा अर्थ काही जण काढतात म्हणे. येथे मात्र आम्ही तिला थांबविले. सवय झाली म्हणजे संमती झाली काय?

वाचकहो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आम्ही अलिया करून आलो तेव्हा किनाऱ्यावरच्या एका नव्या वसाहतीत घर मिळाले. खिडकीतून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत. आईने पहिल्या वर्षी वाळत घातलेल्या कपड्यांवरची काजळी झाडली, पुढे झाडणे सोडले. तेव्हा कोणी फॉर्म घेऊन आले असते, तर "काही त्रास नाही" असेच तिने लिहिले असते. ज्यांना डिमोना आणि बेर्शेबाच्या वाळवंटात उतरविले, त्यांनाही हळूहळू सवय झालीच. उलट २०१८-१९ मध्ये गॅसचा फलाट दोर किनाऱ्यापासून दहा किलोमीटरवर उभा राहिला, तेव्हा झिख्रोन याकोवचे लोक रस्त्यावर उतरले. ते हरले, पण त्यांचे म्हणणे साऱ्या देशाने ऐकले. २०२३ च्या जूनमध्ये गोलानच्या द्रुझ शेतकऱ्यांनी आपल्या बागांजवळच्या पवनचक्क्यांना विरोध केला. तेथे पोलिसांशी चकमकी झाल्या.

भाची गप्प बसणाऱ्यांतली नाही. म्हणाली, "मामा, सगळ्यांना विचारत बसलो तर जी मुले अजून जन्मलीच नाहीत त्यांचे काय? त्यांना फॉर्म कोण देणार?" तिने हान्स योनासचे नाव घेतले. हा तत्त्वज्ञ बॉनपासून फार लांब नसलेल्या म्योन्शनग्लाडबाखचा ज्यू. १९३३ साली जर्मनी सोडून पुढे यरुशलेमला आला. पुढे जन्मणाऱ्यांचे आपण देणे लागतो, असे त्याने १९७९ च्या आपल्या ग्रंथात मांडले. हे आम्हाला मान्य आहे. चक्क्या उभारल्याच पाहिजेत, यासाठी न जन्मलेल्यांचा हक्क पुरेसे कारण आहे. पण जे जन्मलेले आहेत आणि समोर उभे आहेत, त्यांना न विचारण्याची मुभा त्यातून कशी मिळते, हे आम्हाला अजून कळलेले नाही. आजचा मच्छीमार गप्प बसावा म्हणून उद्याच्या नातवाला पुढे करणे, हे त्या नातवालाही आवडणार नाही.

आम्ही तिला एक प्रश्न वाढवायला सांगितले: याआधी तुमच्या किनाऱ्याचे काही ठरले, तेव्हा तुम्हाला कोणी विचारले होते का? "हे मत नव्हे, इतिहास झाला, असे सर म्हणतील," ती म्हणाली. तरी पानाच्या तळाशी तिने तो पेन्सिलीने लिहिला. त्यापुढे आम्ही "नाही" लिहिले.

दुसऱ्या प्रश्नापुढची जागा आम्ही कोरी ठेवली. नवगाव आम्हाला दिसते ते आठवणीत, आणि दहा वर्षांतून एकदा, टॅक्सीतून उतरल्यावर. तेथे पहाटे होडी लोटणारे कोळी राहतात. फॉर्म त्यांच्याकडे गेला पाहिजे.