लाल जिभेचा कॅमेरा



हातातलं यंत्र आपल्याला ‘नाही’ म्हणेल, ही सवय आता आपली राहिलेली नाही. फोन काळोखातही फोटो काढून देतो. त्यामुळे ऑलिंपसचा ‘पेन ईई-थ्री’ हा जुना जपानी कॅमेरा रोल भरून पहिल्यांदा वापरायला घेतला, तेव्हा मी चक्रावूनच गेलो. उजेड कमी पडला की याचं बटण अडतं. डोळा लावलेल्या चौकटीत खालून एक लाल पट्टी वर येते, एखाद्या हट्टी पोरानं जीभ दाखवावी तशी. फोटो निघत नाही.

पहिला नकार मिळाला तो आमच्या स्वयंपाकघरात. आई मेथी निवडत बसली होती. वर ट्यूबलाइट लखलखीत, रोलही बऱ्यापैकी वेगवान. तरी लाल जीभ. मी ओट्याकडून पाहिलं, फडताळाकडून पाहिलं. शेवटी आईच म्हणाली, “अरे, त्याला एवढा उजेड लागतो तर मीच येते की मागच्या दारात.” परात घेऊन ती उंबऱ्याशी बसली. बटण दबलं, ‘टिच्’ असा बारीक आवाज झाला. ट्यूबच्या उजेडात मला काहीच कमी वाटलं नव्हतं, कारण आपला डोळा फार लवकर जुळवून घेतो. दारातल्या उजेडात मात्र तिच्या बोटांवरची माती दिसली, जुडीच्या काड्यांची तुटलेली ओली टोकं दिसली. इतकी वर्षं त्याच घरात वावरूनही कुठल्या कोपऱ्यात किती उजेड असतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

या कॅमेऱ्यात बॅटरी नाही. लेन्सभोवती बारीक बारीक भिंगांचं एक कडं आहे आणि त्यामागे सेलेनियमचा घट. उजेड पडला की त्यात किंचितशी वीज तयार होते, आतली सुई हलते. बटण दाबताना ती सुई जिथे असेल तिथे पकडली जाते आणि त्यावरून लेन्सचं तोंड किती उघडायचं ते ठरतं. सुई पुरेशी हललीच नाही, तर लाल पट्टी. ज्या उजेडानं चित्र उमटायचं, त्याच उजेडावर याचं पोट चालतं. मला यातला प्रामाणिकपणा फार आवडतो.

‘पेन’मागचं डोकं योशिहिसा मैतानी यांचं. ऑलिंपस कंपनीत नवखे असतानाच त्यांनी 6000 येनमध्ये विकता येईल असा कॅमेरा करायला घेतला. पैसा ओतला तो लेन्सवर. काटकसर बाकीच्या भागांत. म्हणून रोल पुढे सरकवायला खटका नाही, पाठीमागे अंगठ्यानं फिरवायचं एक दातेरी चाक आहे. पहिला ‘पेन’ 1959 मध्ये आला. त्यावर उजेडाचा अंदाज स्वतःच करावा लागे. ज्यांना ते गणित नको होतं त्यांच्यासाठी 1961 मध्ये ‘ईई’ आला, आणि माझ्या हातातला ‘ईई-थ्री’ हा त्याच घराण्यातला, 1973 चा.

दुसरी गंमत, हा ‘हाफ-फ्रेम’ आहे. नेहमीच्या 24 बाय 36 मिलिमीटरच्या जागेत हा दोन फोटो बसवतो, त्यामुळे छत्तीसच्या रोलवर बहात्तर निघतात. रोल आणि धुलाई दोन्ही महागलेल्या दिवसांत हा मोठाच दिलासा. शिवाय कॅमेरा आडवा धरला की चित्र उभं येतं. फोन उभा धरणाऱ्यांना ते परकं वाटत नाही. पेंटॅक्सनं 2024 मध्ये नवा फिल्म कॅमेरा काढला, तोही असाच उभ्या चौकटीचा.

रोल धुऊन आला तेव्हा लॅबनं दोन-दोन फोटो एकत्र स्कॅन केले होते. एका जोडीत डावीकडे आईचे मेथी निवडणारे हात होते. उजवीकडे दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या मंडईत काढलेला फोटो : कमानीपाशी बसलेल्या मावशी कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडताहेत. आतल्या गाळ्यांपाशी कॅमेऱ्यानं साफ नकार दिला होता, म्हणून मी कमानीकडे सरकलो होतो. या दोघी एकमेकींना ओळखत नाहीत. पण दोघींच्या हातांवर डावीकडूनच उजेड येतोय, आणि दोघींच्या मध्ये फक्त एक बारीक काळी रेघ. असं काही जुळवायचं माझ्या मनातही नव्हतं.

तुमच्याही कपाटात असा लेन्सभोवती भिंगांचं कडं असलेला एखादा ‘पेन’ पडून असेल, तर आज तो बाहेर काढा. सेलेनियमचा घट वयानुसार थकतो, म्हणून रोल घालण्याआधी एवढं करा : चाक फिरवा, लेन्सवर तळहात ठेवा आणि चौकटीतून पाहत बटण दाबा. लाल पट्टी यायला हवी. मग तळहात काढून खिडकीबाहेरच्या उन्हाकडे कॅमेरा धरा आणि पुन्हा दाबा. ‘टिच्’ वाजलं, तर रोल आणायला हरकत नाही.