फुकट ते पौष्टिक नसतं

बस इथे. फोन खाली ठेव आणि ऐक.

काल पुणे स्टेशनवर माझ्या शेजारी बसून काय करत होतास? 'फ्री स्टेशन वायफाय' असं नाव दिसलं, की जोडलास फोन. पान उघडलं, त्याने ईमेल आणि पासवर्ड मागितला, आणि तू टाकायलाही लागलास! मी हात धरला नसता तर? स्टेशनवरचं खरं वायफाय, रेलवायर, मोबाईल नंबर विचारतं, ओटीपी पाठवतं, विषय संपला. वायफायला तुझ्या ईमेलचा पासवर्ड कशाला हवा? एवढा साधा प्रश्न पडू नये?

वर म्हणतोस, "सर, घाईत होतो." गाडीला पाऊण तास होता. कसली घाई? "माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" अरे, 'पासवर्ड विसरलात' दाबल्यावर लिंक कुठे येते? त्याच ईमेलवर ना? मग ईमेल गेल्यावर तुझं काय उरलं?

तू अडाणी असतास तर प्रेमाने समजावलं असतं. पण नेटवर्किंगमध्ये वर्गात पहिला तू. वायफायला कुणीही काहीही नाव देऊ शकतो, हे फळ्यावर तूच समजावलंस. 2010 साली फायरशीप नावाचं ॲड-ऑन आलं आणि उघड्या वायफायवर दुसऱ्याच्या फेसबुक खात्यात दोन क्लिकमध्ये शिरता यायला लागलं, हेही तूच सांगितलंस. आज बहुतेक साइट कुलूपबंद एचटीटीपीएसवर आहेत, म्हणून ती चोरी अवघड झाली. पण दाराला कुलूप घालून किल्ली चोराच्याच हातात दिलीस, तर कुलपाने करायचं काय? ब्राउझर बजावतो, 'कनेक्शन सुरक्षित नाही.' तू 'तरीही पुढे जा' दाबतोस. वाचता येतं ना तुला?

कळतं, पण वळत नाही. हाच तुझा रोग. रोजचा दीड जीबी डेटा खिशात पडून आहे, त्याचे पैसे वडिलांनी भरलेत, आणि तू फुकटच्या मागे!

आता सबबी पुरे. स्टेशन, कॅफे, लॉज, जिथली म्हणून नेटवर्कं साठवली आहेस, ती सगळी फोनमधून काढ. आपोआप जोडणं बंद कर. ईमेलला दुहेरी पडताळणी लाव. बँक आणि यूपीआय फक्त मोबाईल डेटावर. ब्राउझरने इशारा दिला की मागे फिरायचं, तिथे हुशारी नको. आणि चुकून पैसे गेलेच, तर लाजत बसू नकोस; तत्क्षणी बँकेला कळव आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लाव.

रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक वाच. पासवर्ड आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. तिथे 'सर, घाईत होतो' चालत नाही.

उचल फोन. माझ्या हातात देऊ नकोस, तुझं तूच कर. झाल्याशिवाय मी इथून उठणार नाही.